मयताच्या रकान्यातली एक ओळ : गृह विभाग आणि पोलीस महासंचालक यांना खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : हिंसक गुन्ह्यांत बळी पडणाऱ्यांची नोंद नीट ठेवण्याबाबत आणि ठेवलेली नोंद वापरण्याबाबत

महोदय,

शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात मी सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि त्यातला मोठा भाग एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांचे, रजिस्टर भरण्यात गेला. मारहाण, भोसकणे, भाजणे, विषबाधा असे काहीही आले की जखमेची लांबी, रुंदी, खोली लिहायची, हत्यार बोथट की धारदार ते लिहायचे, जखमी जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचे आणि रुग्णालयातल्या पोलीस चौकीला चिठ्ठी पाठवायची, हा आमचा शिरस्ता होता. निवृत्तीनंतरही सवय सुटत नाही. वर्तमानपत्रातली खुनाची बातमी मी अजून एमएलसी वाचावी तशीच वाचतो. ‘क्षुल्लक कारणावरून तरुणाचा खून’ असा मथळा असतो, खाली मारणाऱ्याविषयी बरेच काही असते, म्हणजे त्याच्यावर आधीचे किती गुन्हे आहेत, तो कुठून ताब्यात घेतला गेला, कोयता कुठे लपवला होता. मेलेल्याविषयी मात्र नाव, वय आणि ‘राहणार अमुक’ एवढीच एक ओळ असते. ती ओळ आपल्या दप्तरातूनच बातमीत येते आणि आपल्या दप्तरातही ती बहुधा तेवढीच असते. माझे हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

हिंसा कुणावरही, कधीही कोसळू शकते असे बोलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अपघात विभागात काही वर्षे काढलेला कुणीही सांगेल की ती अशी कुणावरही कोसळत नाही. तीच वस्ती, तेच वय, तीच घरे आणि पुष्कळदा तीच माणसे परत परत येतात. पहिल्यांदा भुवईवर तीन टाके घालून गेलेला माणूस सहा महिन्यांनी पोटात जखम घेऊन येतो. पहिल्या वेळी आम्ही त्याला पट्टी केली, चौकीतल्या हवालदाराने त्याचा जबाब घेतला, ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली, आणि सगळ्यांनी आपापले काम नियमाप्रमाणे पूर्ण केले. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे सांगणारी व्यवस्था मात्र कुठेच नव्हती, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती आजही नाही.

आरोपीच्या बाजूने पाहिले तर आपल्या यंत्रणेची स्मरणशक्ती चांगली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली तडीपारी आहे, १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा आहे, १९९९ चा मोक्का आहे. या सगळ्यांचा पाया एकच, की या माणसाने आधी काय केले आहे ते पाहा आणि पुढे काय करील याचा अंदाज बांधा. बळीच्या बाबतीत हाच साधा प्रश्न, म्हणजे या माणसासोबत आधी काय झाले आहे, विचारण्याची तरतूदच आपण केलेली नाही.

आकड्यांकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतले २,२९५ महाराष्ट्रातले होते. उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर आपला क्रमांक लागला, पण राज्याची लोकसंख्या लक्षात घेता तो क्रमांक मथळ्यापलीकडे फारसा कामाचा नाही. कामाचे आहे ते बळींचे वर्णन. त्यांत सुमारे ७० टक्के पुरुष होते आणि ८,१२५ महिला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१७ साली जगभरात सुमारे ४,६४,००० माणसे खुनात मेली आणि त्यांत दर पाचांतले चार पुरुष होते. म्हणजे खुनात मरणाऱ्यांत बायकांचा वाटा आपल्याकडे जगाच्या सरासरीहून ठळकपणे जास्त आहे. त्यात हुंडाबळी वेगळ्या कलमाखाली येत असल्यामुळे खुनाच्या आकड्यात धरले जात नाहीत, आणि ते त्या एका वर्षात सहा हजारांहून अधिक होते. दोन्हींची ढोबळ बेरीज मी कागदावर करून पाहिली, तेव्हा हिंसेने मेलेल्यांत बायकांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. दोन आकडे एकाच अहवालात आहेत, पण एकमेकांशेजारी नाहीत.

त्याच जागतिक अभ्यासात जोडीदाराने किंवा कुटुंबातल्या माणसाने केलेले खून वेगळे काढले आहेत आणि तिथे प्रमाण उलटते : त्यांतले ६४ टक्के बळी स्त्रिया आहेत. पुरुष मरतो तो नाक्यावर, बांधावर, दारूच्या गुत्त्याबाहेर, मिरवणुकीत. बाई मरते ती बहुतेक वेळा घरात. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बळीच्या ओळखीचा होता की नाही याचा तक्ता ब्यूरो देतो, आणि ओळखीच्या आरोपींचे प्रमाण बहुतेक वर्षी ९० टक्क्यांच्या वर राहिलेले आहे. खुनाच्या बाबतीत वय आणि लिंग मिळते, ‘कारण’ मिळते, मात्र मारणारा मेलेल्याचा कोण होता हे नाते मिळत नाही. व्यवसायही मिळत नाही. प्रथम खबरीत व्यवसायाचा रकाना असतो, पण तो कसा भरला जातो हे मी जवळून पाहिले आहे. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई आणि स्वतःच्या घरात राबणारी बाई, दोघींसमोर ‘घरकाम’ लिहिलेले असते. वीटभट्टीवरचा, बांधकामावरचा, उसाच्या फडातला, हमाली करणारा, सगळे ‘मजुरी’त जमा होतात.

उसाच्या फडाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पुण्यात ‘कोयता’ म्हटले की आता टोळी डोळ्यांपुढे येते. बीडकडे कोयता म्हणजे ऊसतोडीला निघालेले नवरा-बायकोचे जोडपे. ही जोडपी हंगामाचे पाच-सहा महिने परजिल्ह्यात पालावर राहतात. तिथे बाईला मारहाण झाली किंवा त्याहून वाईट काही घडले, तर फिर्याद द्यायची कुठे, तारखांना यायचे कसे आणि उचल घेतलेल्या मुकादमाविरुद्ध बोलायचे कोणी, या तीन प्रश्नांत प्रकरण संपते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी खबर घ्यावीच लागते, हे चांगले झाले. पण हंगाम संपून बिऱ्हाड गावी परतल्यावर तिथल्या ठाण्यात अशा किती खबरी शून्य क्रमांकाने आल्या, याचे आकडे आपण प्रसिद्ध केले तर ही तरतूद पालापर्यंत पोहोचली की नाही ते कळेल.

आता भाजण्याबद्दल, कारण नोंद आणि वास्तव यांतली दरी मी तिथे सगळ्यात जवळून पाहिली. माझ्या उमेदीच्या काळात जळीत कक्ष तरुण बायकांनी भरलेला असे. कागदावर कारण ठरलेले : स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला. सासू पलंगाशेजारी बसलेली असताना जबाब घेतला जाई आणि बाई तेच सांगे, कारण दुसरे काही सांगून मुलांना कुणाच्या हवाली करायचे हा तिच्यापुढचा प्रश्न असे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज १,६३,००० हून अधिक काढला. पोलीस दप्तरातल्या आकड्याच्या तो सहापट होता. त्यांतले सुमारे १,०६,००० मृत्यू स्त्रियांचे होते आणि बहुसंख्य स्त्रिया १५ ते ३४ या वयातल्या होत्या. स्टोव्ह वयस्कर बायकाही पेटवत होत्या, पुरुषही पेटवत होते. भडका मात्र नेमक्या त्या वयाच्या बायकांच्या पदरापर्यंत कसा पोहोचत होता, हे विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

त्या वेळी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “लग्नाला किती वर्षे झाली?” कारण सात वर्षांच्या आत विवाहितेचा मृत्यू झाला तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते, पुराव्याच्या कायद्यातली गृहीतके लागू होतात, प्रकरण गांभीर्याने घेतले जाते. हा कायदा आला ते उत्तम झाले आणि त्याने अनेक मृत्यू ‘आकस्मिक’ या शब्दातून बाहेर काढले. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की आठव्या वर्षीची बाई नोंदीच्या दृष्टीने निराळी ठरली. जखमा त्याच, घर तेच, नवरा तोच, पण ‘नऊ वर्षे झाली’ हे उत्तर आले की चौकीतली लगबग कमी झालेली मी पाहिली आहे. यात कुणा एका हवालदाराचा दोष काढत नाही. ज्या रकान्याला कायद्याने वजन दिले, त्याच रकान्याकडे माणूस पाहतो.

जखमा मात्र खोटे बोलत नाहीत. पडलेल्या माणसाचे गुडघे, तळवे, कोपरे सोलवटतात. मारलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला खुणा असतात, आणि डोक्यावर येणारा वार अडवताना हाताचे करंगळीकडचे हाड मोडते. एका बाईचे ते हाड मोडलेले असताना मी तिच्याच सांगण्यावरून ‘घसरून पडल्याने’ असे लिहिले होते. पुढे तिच्या नावाच्या आणखी दोन नोंदी झाल्या, एक ‘दार लागून’ आणि शेवटची ‘भाजून’. तिन्ही नोंदी एकाच रुग्णालयाच्या एकाच कपाटातल्या रजिस्टरांत होत्या आणि त्यांतल्या दोन माझ्या अक्षरात होत्या. शेवटची नोंद झाल्यावर मी आधीची पाने उलटून पाहिली, तोवर पाहिली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितल्याचे आणि ७७ टक्क्यांनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलेही नसल्याचे आढळले. जिने सांगितलेले नाही, ती निदान टाके घालायला आमच्याकडे आली होती.

यावरून मी माझ्या मुख्य मागणीकडे येतो. पुढच्या हिंसेचा सगळ्यात भरवशाचा इशारा म्हणजे मागची हिंसा, आणि मागच्या हिंसेची नोंद आपल्याकडे दोन ठिकाणी आधीच पडलेली असते : ठाण्याच्या अदखलपात्र नोंदवहीत आणि रुग्णालयाच्या एमएलसी रजिस्टरात. ‘एनसी घेतली’, म्हणजे अदखलपात्र नोंद केली, हे आपल्या ठाण्यांतले वाक्य दोघांनाही मोकळे करते. अंमलदाराला वाटते नोंद झाली, तक्रारदाराला वाटते तक्रार झाली. प्रत्यक्षात कायद्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही, आणि असा आदेश आणायला कामावरचा खाडा करून कोर्टात जाणारा तक्रारदार विरळाच. खुनानंतर मात्र मागे जाऊन पाहिले, तर शेजाऱ्याने, भावकीने, नवऱ्याने किंवा गल्लीतल्या कुणी मारल्याची एखादी एनसी कितीदा तरी सापडते. ‘पूर्ववैमनस्यातून’ हा आपला लाडका शब्द घ्या. वैमनस्य पूर्वीचे होते हे आपल्याला माहीत होते, असाच त्याचा अर्थ होतो ना?

खैरलांजीचे उदाहरण या महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. जातीचे कारण होतेच, जमिनीतून जाणाऱ्या वाटेचा वादही होता. पण घटनाक्रमात आणखी एक गोष्ट आहे. त्याआधीच्या मारहाणीच्या एका गुन्ह्यात घरातल्या मायलेकींनी पोलिसांना साक्ष दिली होती, आणि त्यातले संशयित जामिनावर सुटून आल्यावर हा हल्ला झाला. आपल्या यंत्रणेने त्यांना साक्षीदार म्हणून नोंदले होते. त्या साक्षीने त्यांच्या जिवाला काय धोका उत्पन्न झाला, हे लिहायला जागा नव्हती. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये शाळकरी दलित मुलाचा खून झाला, साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, नव्या संहितेनेही राज्यांना अशी योजना करायला सांगितले आहे. धोक्याचा अहवाल मात्र साक्षीदाराने अर्ज केल्यावर तयार होतो. जामीन मंजूर झाला त्याच दिवशी फिर्यादी आणि साक्षीदार यांच्या घरी ठाण्याचा माणूस जाऊन येईल, एवढी साधी गोष्ट आदेशाने करता येणार नाही का?

ज्यांची नोंदच होत नाही अशा बळींबद्दल आता लिहितो. जुन्या पुणेकरांना जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ हा काळ आठवत असेल. जोशी-अभ्यंकर खून मालिकेत दहा जणांचे जीव गेले, दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, दाराला नव्या कड्या बसल्या. पुढे चौघे आरोपी १९८३ च्या नोव्हेंबरात फासावर गेले. त्या भीतीत खोटे काही नव्हते. पण त्याच राज्यात मुंबईच्या शीव-किंग्ज सर्कल भागात १९८५ पासून सुमारे दोन वर्षे फुटपाथवर एकटी झोपलेली माणसे डोक्यात दगड घालून मारली जात होती. असे डझनभर खून झाले, त्यांतल्या कित्येकांची ओळखही पटली नाही, आणि मारणारा कधी सापडला नाही. एकच हात सगळीकडे चालतो आहे हे यंत्रणेच्या लक्षात यायलाच कित्येक मुडदे पडावे लागले, कारण मेलेल्यांना शोधत ठाण्यात कुणी आलेच नव्हते. १९६८ मध्ये रमण राघवने मारलेली माणसेही फुटपाथवर आणि झोपड्यांतच झोपलेली होती. दिल्लीजवळच्या निठारीत डिसेंबर २००६ मध्ये मुलांचे सांगाडे मिळाले, त्याआधी तिथल्या मजूर आईबापांच्या हरवल्याच्या तक्रारी कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. या सगळ्यांत निवड मारणाऱ्याने केली हे खरे, पण कुणाला मारले तर विचारणारे कुणी नाही हे त्याला आपल्या वागण्यातून समजलेले होते. बेवारस म्हणून आमच्या शवागारात आलेल्या प्रेताच्या कागदावर ‘अनोळखी इसम, वय अंदाजे’ एवढेच असे आणि पुष्कळदा पंचनाम्यापासून विल्हेवाटीपर्यंत त्यात एका शब्दाची भर पडत नसे.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ च्या रविवारी, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. अफवा त्या महिन्यात राज्यभर मोबाइलवरून फिरत होती आणि गावोगाव अनोळखी माणसे येतच होती. तरी जमावाचे हात ज्यांच्यावर पडले ते भटके निघाले, यात योगायोग किती? नव्या न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी वेगळे पोटकलम आले आहे. त्याखाली नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत बळी कुठल्या समाजाचा, गावचा की परगावचा, हे प्रसिद्ध झाले नाही तर ते पोटकलम असून आपल्याला त्यातून काही शिकता येणार नाही.

तरुण पुरुषांविषयी एक नाजूक गोष्ट आहे. १९४८ ते १९५२ या काळातल्या फिलाडेल्फिया शहरातल्या ५८८ खुनांचा मार्विन वुल्फगँग या अभ्यासकाने धांडोळा घेतला, तेव्हा साधारण चौथा हिस्सा प्रकरणांत पहिला हात मेलेल्यानेच उचललेला होता असे आढळले. आमच्या विभागात शनिवारी रात्री किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर जी पोरे येत, त्यांच्याकडे पाहताना मला ते पटत असे. मारणारा आणि मार खाणारा एकाच वयाचे, एकाच वस्तीतले, कधी कधी शाळेत एकाच बाकावरचे असत. आज ज्याच्या डोक्यात टाके घातले तो महिन्याने आरोपी म्हणून वैद्यकीय तपासणीला येई. त्यामुळे ‘गुन्हेगारी पार्श्वभूमीचा’ असा शिक्का मारून अशा मृत्यूंना बातमीतून आणि मनातून काढून टाकण्याची आपली सवय चुकीची आहे. त्याच्या टाक्यांची नोंद झाली त्या रात्री कुणी त्याच्याशी आणि त्याच्या आईशी बोलले असते, तर सूडाचा पुढचा अंक कदाचित टळला असता. मात्र पहिला हात बळीनेच उचलला ह्या विचाराला पुढे कुणीतरी बलात्काराच्या गुन्ह्यांना लावले आणि त्याची जी निर्भर्त्सना झाली ती योग्यच झाली. कोण बळी पडतो याचा शोध घेणे आणि तो का पडला याचा ठपका त्याच्यावर ठेवणे यांत अंतर राखता आले नाही, तर ही सगळी माहिती ‘ती त्या वेळी तिथे गेलीच कशाला’ या जुन्याच प्रश्नाच्या पदरी पडेल. म्हणून मी जी माहिती मागतो आहे ती निनावी, ठाणेनिहाय आणि वापर ठरवून दिलेली असावी असे माझे म्हणणे आहे.

हे जमण्यासारखे आहे, आणि इतरत्र जमलेले आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे शल्यविशारद होते. फुटलेले चेहरे शिवताना त्यांच्या लक्षात आले की मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांचा पोलिसांना पत्ताच नसतो. त्यांनी स्वागतकक्षातल्या कारकुनाकडून प्रत्येक जखमीला दोन-तीन साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली : नेमके कुठे, कधी, कशाने. नाव गाळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दर महिन्याला जाऊ लागली, त्यावरून गस्तीच्या वेळा आणि जागा बदलल्या, काही दारूगुत्त्यांवर लक्ष ठेवले गेले. २०११ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जे मूल्यमापन आले, त्यात तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याला तर वेगळा कारकूनही नको. एमएलसी रजिस्टर आपल्याकडे प्रत्येक सरकारी रुग्णालयात आहे, त्यात वेळ आहे, हत्यार आहे. फक्त घटनास्थळ ‘राहत्या घरी’ आणि ‘रोडवर’ या दोन शब्दांत न गुंडाळता नीट लिहायला हवे, आणि ते रजिस्टर कोर्टाचे समन्स येईपर्यंत कपाटात धूळ खात पडू नये. घरातल्या हिंसेपुरता रस्ता मुंबईत केव्हाच घालून दिलेला आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, तिथे पडले-झडले म्हणून आलेल्या बाईशी नातेवाइकांना बाहेर थांबवून बोलले जाते.

दुसरी गोष्ट बळींच्या पाहणीची. अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यासोबत असे काही घडले का’ असे विचारण्याची नियमित सरकारी पाहणी होते, पोलिसात तक्रार केली असो वा नसो. आपल्याकडे खासगी संस्थांनी मुंबईसह काही शहरांत अशा पाहण्या एकदा-दोनदा करून दाखवल्या आहेत. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला हे काम नवे वाटण्याचे कारण नाही.

आपल्या बाजूची अडचण मला ठाऊक आहे. नोंदी वाढल्या की गुन्हे वाढल्याचा मथळा येतो, ठाणे अंमलदाराला वर उत्तर द्यावे लागते, आणि म्हणून तक्रारीचा ‘अर्ज’ होतो, अर्ज चौकशीवर राहतो आणि चौकशी तक्रारदार थकेपर्यंत चालते. यावर उपाय ठाण्याच्या हातात नाही, तो आपल्या हातात आहे. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या वाढीवरून ठाण्याचे माप काढणे थांबवा आणि त्याऐवजी पाहा की आधी तक्रार केलेल्या किती माणसांना त्याच ठाण्याच्या हद्दीत पुन्हा मार बसला. हे माप खाली आणायचे असेल तर तक्रार दडवून चालत नाही.

पुण्यातून आपला गुन्हे अन्वेषण विभाग राज्यातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल काढतो. त्यात पुढच्या वर्षापासून खून आणि खुनाचा प्रयत्न या दोन शीर्षांखाली बळीचा नेमका व्यवसाय, आरोपीशी असलेले नाते, घटनेची जागा आणि वेळ, आणि मागच्या दोन वर्षांत त्याच्या नावावर एखादी एनसी, अर्ज किंवा एमएलसी होती का, एवढे पाच रकाने वाढवावेत अशी माझी विनंती आहे. फार वाटत असेल तर एक जिल्हा घ्या, एक वर्ष घ्या, आणि त्या जिल्ह्यात मागच्या वर्षी खून झालेल्या प्रत्येकाचे नाव घेऊन रुग्णालयातली जुनी रजिस्टरे उघडा. रजिस्टरातले आमचे अक्षर वाचणे हा त्या कामातला सर्वात कठीण भाग ठरेल, आणि तेवढ्यासाठी माझी गरज पडली तर मी येऊन बसायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी